पदरचे तीन दशांश

१४ जून

ही वही बायकोने दिली. "अहो, कामावरून आल्यावर जे सगळं मला ऐकवता ना, ते ह्यात लिहा. वहीला मध्येच जांभई येत नाही," म्हणाली. ती शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत मी, अशी आमची तीस वर्षांची वाटणी आहे. मी बोलायला लागलो की नेमकं तेव्हाच मशीन सुरू होतं, हा योगायोग मी बरीच वर्षं पाहतो आहे.

तर आज लिहिण्यासारखं घडलंय. आमच्या छोट्या अणुभट्टीच्या इंधनाच्या नकाशावर मी सही केली. छोटी म्हणजे खरंच छोटी. तिचा गाभा आमच्या स्वयंपाकघरात मावेल, बायकोने मावू दिला तर. पण एवढ्या गाभ्याने शहराचं पाणी तापवायचं आहे आणि दिवेही लावायचे आहेत, तेही चार वर्षं, मध्ये एकदाही झाकण न उघडता. म्हणजे चार वर्षांचं इंधन पहिल्याच दिवशी भरायचं. साहजिकच सुरुवातीला तिच्या अंगात जोर फार असणार. त्याला शास्त्रात भारदस्त नाव आहे, आम्ही आपसांत जोरच म्हणतो. हा जास्तीचा जोर आवरायला माझं विष. काही इंधनगोळ्यांत गॅडोलिनियम नावाची भुकटी मिसळायची. ती न्यूट्रॉन गिळते, आणि गिळता गिळता स्वतःच निकामी होत जाते. चार वर्षांचा शिधा घरात आणून ठेवला आणि त्यावर असा राखणदार बसवला, की जो रोज थोडा थोडा म्हातारा होतो. शिधा कमी, तसा राखणदारही कमी. दोघांचा मेळ बसवणं हे माझं काम, आणि ते मी बसवलं आहे.

हिशेबाने भुकटीचं प्रमाण आलं शेकडा सहा. इंधन कारखान्याकडे जाणाऱ्या नकाशावर मी लिहिलं सहा पूर्णांक तीन दशांश. राखणदार थोडा धडधाकट असलेला बरा. आयुष्यभर मी सुरक्षित बाजूला राहत आलो, आणि त्याने कोणाचं वाईट झालेलं नाही. संगणकातल्या फायलीत मात्र सहाच राहिले. एवढ्या तीन दशांशांसाठी पुन्हा आठ दिवस गणित कोण चालवणार? तपासनीस म्हणून सही करणारे गृहस्थ सुटीवर निघायच्या गडबडीत होते, त्यांनी कागद उलटा धरला असता तरी सही केली असती. मुख्य साहेबांनाही दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाले. ह्या माणसाचं नाव मी मनात केव्हाच बघूसाहेब ठेवलं आहे. एक दिवस ते स्वतःच्या मुलीच्या लग्नातही "बघू" म्हणतील.

रोज लिहायचं ठरवलं आहे. एकच नियम, मागची पानं वाचायची नाहीत. मागे बघत चालणारा ठेचकाळतो.

१९ फेब्रुवारी

रोज लिहायचं ठरवलं होतं. मध्ये दोन वर्षं आठ महिने गेले.

वही कपाटाच्या फळीमागे पडली होती. नियमाप्रमाणे जुनं पान न वाचता त्याला चिमटा लावून टाकला.

आज भट्टी पेटली. पेटली म्हणजे धूर, ज्वाळा काही नाही. नियंत्रक दांड्या हळूहळू वर घेतात, पडद्यावरचा आकडा चढत जातो, आणि एका उंचीवर भट्टी आपली आपण चालू लागते. दांड्या किती वर गेल्यावर ते होईल ह्याचं भाकीत मी केलं होतं. दोन मिलिमीटरचा फरक पडला. दोन! बघूसाहेबांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि "हं, बघितलं," म्हणाले. त्यांच्या बाबतीत हे भाषणच झालं.

आमच्या विभागात आठ महिन्यांपूर्वी एक नवी मुलगी आली आहे. हुशार आहे, पण तोंडातून वाक्य बाहेर पडतं ते प्रश्नचिन्ह घेऊनच. तिला मी शंकाताई म्हणतो (मनात). पुढची चार वर्षं भट्टीचं गणित ती सांभाळणार, दर आठवड्याला दांड्यांची उंची मोजणार आणि माझ्या रेघेशी ताडून बघणार. आज आम्ही सगळे पुऱ्यांसारखे फुगलेलो, आणि ही विचारते, "सर, इंधन कारखान्याचं प्रमाणपत्र आलंय. त्यातले प्रत्यक्ष आकडे फायलीत भरू का?"

"कशाला? सहा आहेत. मी स्वतः ठरवलेत."

"पण एकदा ताडून…"

"अगं, दोन मिलिमीटर! ह्याहून वेगळं ताडणं काय असतं?"

मग तिला नीट समजावून सांगितलं. हे विष गोळीत कांद्यासारखं पापुद्र्यापापुद्र्याने जळतं. बाहेरचा पापुद्रा गिळत असतो तेव्हा आतल्याला काम पोचतच नाही. म्हणून आत थोडं कमीजास्त असलं तरी पहिल्या दिवशी कळणार नाही, दीड वर्षाने कळेल. एवढं सोपं करून सांगितलं तरी ती माझ्याकडे बघतच राहिली. गहन विषय आहे, वेळ लागणारच.

१ मार्च (पुढच्या वर्षीचा)

भट्टी चालू. लिहिण्यासारखं काही नाही. आमच्या धंद्यात ह्याहून गोड वाक्य नाही.

१३ जुलै

शंकाताईने आलेख आणून दाखवला. भाकिताची माझी रेघ सुंदर चालली आहे. पण मोजलेले ठिपके गेले पाच आठवडे तिच्याखाली घसरताहेत. म्हणजे भट्टीत जोर हवा त्यापेक्षा कमी आहे, आणि तो भरून काढायला दांड्या हिशेबापेक्षा जास्त बाहेर घ्याव्या लागताहेत.

"मोजमाप चुकलं असेल," मी म्हटलं.

"तीनदा मोजलं, सर."

"मग चौथ्यांदा मोज."

"सर, नकाशाची मूळ प्रत कुठे असते?"

"दप्तरखान्यात. पण तुला कशाला? नकाशा मला तोंडपाठ आहे. गॅडोलिनियम शेकडा सहा. लिहून घे."

तिने लिहून घेतलं नाही.

२४ ऑगस्ट

ठिपके रेघ सोडून निघालेच आहेत, परत यायचं नाव नाही. खाली लाल रेघ आहे. तिथवर पोचायच्या आत कारण सापडलं नाही तर नियमाप्रमाणे भट्टी बंद करायची आणि झाकण उघडायचं. म्हणजे हिवाळ्यात शहराचे नळ गार. सोळा सप्टेंबरला समिती बसणार आहे.

कारण मला दिसतंय, म्हणायला जड जातं एवढंच. आठवड्याचं गणित करते कोण? शंकाताई. चूक माझ्या रेघेत नाही, कारण पहिल्या दिवशी दोन मिलिमीटर. चूक भट्टीत नाही, कारण भट्टीला गणित येत नाही. मग उरलं कोण? पोरगी मेहनती आहे, पण मेहनत चुकीच्या दिशेने केली तर मुक्काम लवकर लांब जातो. बघूसाहेबांच्या कानावर घातलं. समितीपुढे तिच्या नावाने चूक नोंदवली तर तिला गणितावरून काढून दप्तरखान्यात बसवतील. वाईट वाटतं, पण काय करणार?

ते म्हणाले, "बघू."

१ सप्टेंबर

शंकाताईने रजा टाकली. मावशीकडे जायचंय म्हणाली. लाल रेघ तोंडावर आली असताना हिला मावशी आठवते! संध्याकाळी फाटकापाशी दिसली. कोटावर 'पाहुणे' असं लिहिलेला बिल्ला तसाच चिकटलेला, आणि त्यावर इंधन कारखान्याचं चिन्ह. मावशी तिथे कामाला असणार. मी काही बोललो नाही. लोकांच्या घरगुती गोष्टींत मी पडत नाही.

४ सप्टेंबर

बघूसाहेबांनी काल अचानक भट्टीची ताकद सत्तर टक्क्यांवर आणली. कारण विचारलं तर नेहमीचं उत्तर. घाबरले बिचारे.

आणि आज माझा तोल गेला. उपाहारगृहात जेवताना शंकाताई शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "सर, फायलीतला विषाचा आकडा बदलून बघितला तर?" म्हणजे आकडे जुळत नाहीत म्हणून आता माझा आकडा बदलायचा! चोर सोडून संन्याशाला सुळी. मी ताटावरून उठलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. "काखेत कळसा नि गावाला वळसा" म्हणालो, "स्वतःची चूक शोधायची सोडून" म्हणालो, आणि "तुझ्या वयात आम्ही" हे तर नक्कीच म्हणालो. शेवटच्या टेबलावर दांड्या चालवणारे लोक बसतात, त्यांचे चमचे हवेत थांबले. ती खाली मान घालून ऐकत होती. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. मग "ठीक आहे, सर," म्हणाली आणि उठून गेली. तिचा भात तसाच राहिला.

घरी सांगितलं. बायकोने चक्क मशीन थांबवलं. "सगळ्यांसमोर?" एवढंच विचारलं.

"मग काय, चिठ्ठी लिहून झापायचं?"

तिने मशीन पुन्हा सुरू केलं, जरा जास्तच जोरात.

९ सप्टेंबर

बघूसाहेबांच्या खोलीत आम्ही तिघं. समितीपुढे काय सांगायचं ह्याची तयारी. शंकाताईने वही उघडली आणि सरळ माझ्याकडे बघत विचारलं, "सर, शेवटचं विचारते. सहाच ना?"

"सहा म्हणजे सहा. किती वेळा विचारशील?"

"तीनदा झालं," ती म्हणाली.

बघूसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर सायकलींच्या छपरापलीकडे काही नाही, तरी खूप वेळ बघत होते. मग चष्मा पुसत म्हणाले, "अजून आठवडा आहे. काही आठवलं तर सांगा. कधीही सांगा. घरी फोन केलात तरी चालेल."

मी म्हटलं, "आठवायचं तिला आहे, साहेब."

शंकाताईने वही मिटली. बहुधा मी मुद्द्याचं बोललो.

१२ सप्टेंबर, शनिवार

आज लेक नव्या नोकरीवर दुसऱ्या शहरात जायची होती. दातांच्या कवळ्या बनवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. गाडी अकरा दहाची. दिवाणखान्यातल्या घड्याळाप्रमाणे साडेदहाला निघालो, वीस मिनिटांचा रस्ता, म्हणजे दहा पन्नासला पोचायचं. पोचलो आणि पाहतो तर स्टेशनच्या घड्याळात दहा पंचवीस.

"स्टेशनचं घड्याळ बंद पडलंय," मी म्हटलं.

"ते चालू आहे, बाबा. काटा हलतोय बघा."

मग मला कबूल करावं लागलं. "घरचं घड्याळ मी दहा मिनिटं पुढे ठेवलंय. आपलं सुरक्षित बाजूला."

"ते काय मला माहीत नाही?" बायको म्हणाली. "पण ते पुढे आहे हे कळल्यापासून घरात सगळे निवांत झाले. म्हणून मी आणखी दहा केलं."

लेक दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. "आई, तूपण? पाच मी केलं, मागच्या महिन्यात."

"अगं, पण सांगायचं नाही का कोणाला?" मी.

"सांगितलं तर उपयोग काय, बाबा? तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

पाऊण तास बाकावर बसलो. गाडी गेली, लेक गेली, बायकोने डोळे टिपले, मीही टिपले. पण खरं सांगायचं तर गाडी यायच्या आधीपासून माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. घड्याळात प्रत्येकाने पदरचं घातलं आणि पंचवीस मिनिटं झाली. मग गोळ्यांतही कोणी पदरचं घातलं असेल तर? विष जास्त असलं तर ते हिशेबापेक्षा जास्त दिवस टिकेल, आणि ठिपके असेच रेघेखाली जातील! मी उठून उभाच राहिलो.

"सापडलं!" बायकोला म्हटलं. "कारखान्यात भुकटी मिसळणाऱ्या बाई आहेत ना, त्यांनी पदरचं घातलं असणार. ही माणसं म्हणजे! आपण एक आकडा द्यावा आणि ह्यांनी त्यात आपला शहाणपणा मिसळावा."

बायकोने रुमालाची घडी केली. "आणि तुम्ही नाही घातलं?"

"मी कशाला घालीन?"

"चहात साखर मी घातल्यावर पुन्हा घालता. दाराला कुलूप मी लावल्यावर पुन्हा ओढून बघता. कुठे जायचं तर दोन छत्र्या नेता. आणि विष तेवढं मोजून घातलंत?"

घरी येऊन वही काढली, पहिल्या पानाचा चिमटा काढला, आणि नियम मोडला.

आज एवढंच लिहितो.

१३ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून कागदावर हातानेच हिशेब केला. सहाच्या जागी सहा पूर्णांक तीन धरले तर ठिपक्यांची दोन तृतीयांश घसरण तिथेच भरून निघते. बाकीची कोणा दुसऱ्याची असेल, पण मोठा वाटा माझा आहे. सगळ्या जगाच्या डोळ्यांतली कुसळं मोजत बसलो, आणि माझं मुसळ ह्या वहीत चिमटा लावून ठेवलं होतं. त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही, की भट्टीला काही झालेलं नाही. राखणदार जरा उशिरा म्हातारा होतोय इतकंच. दोन-तीन महिन्यांत ठिपके पुन्हा वर वळतील. झाकण उघडायची गरज नाही. पण हे कारण कोणी तरी कागदावर मांडलं तरच.

दुपारी एक विचार आला, तो लाज वाटते तरी लिहितो. सोमवारी लवकर जावं, फायलीत आकडा बदलावा, आणि समितीला सांगावं की 'गणितात एक बारीक दुरुस्ती सापडली'. कोणाची चूक, ते लिहायचंच नाही. भट्टी वाचते, नळ गरम राहतात, माझं नाव राहतं. आणि शंकाताई? लोक आपोआप समजतील की चूक तिची होती आणि सरांनी ती शोधून काढली. मला आणखी एकदा हस्तांदोलन मिळेल.

मी हा बेत बायकोला ऐकवला. आडवळणाने, 'समजा एखाद्या माणसाने' असं म्हणून. ती एका गिऱ्हाइकाचा झगा उसवत होती.

"त्या माणसाला सांगा," ती म्हणाली, "मीसुद्धा शिवणीत जास्तीच्या कापडाची माया सोडते. सोडावीच लागते, माणसं काय कायम बारीक राहतात? पण किती सोडली ते आतल्या बाजूला खडूने लिहिते. हा झगा बघा, दुसऱ्या कोणी शिवलाय. माया सोडली, लिहिली नाही. आता उसवणारी मी, कात्री चुकली तर बोल मलाच."

"जास्तीचं घालणं चूक नाही, म्हणजे?"

"घालणं नाही हो. लपवणं. आणि ती पोरगी चार तारखेपासून जेवली की नाही, हे त्या माणसाने बघितलं का?"

बघितलं नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं. मी तिच्यावर रागावलो होतो तेव्हा मला स्वतःबद्दल किती बरं वाटत होतं, तेही आठवलं.

१४ सप्टेंबर, सोमवार

साहेब यायच्या आधी त्यांच्या दारात उभा होतो. शंकाताईलाही बोलावून घ्या म्हटलं. ती आली, पिशवी हातात. मी बसलो नाही. वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "सहा नव्हते. सहा पूर्णांक तीन होते. मीच केले, मीच विसरलो, आणि हिने तीनदा विचारलं तेव्हा तीनदा खोटं सांगितलं. खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण न बघता सांगितलं."

साहेब पान वाचत होते. सावकाश वाचतात. एका ओळीवर थांबले, चष्मा कपाळावर चढवला.

"बघूसाहेब कोण?"

ते मी साफ विसरलो होतो. जमीन दुभंगली असती तर मी एका पायावर तयार होतो.

"हं," साहेब म्हणाले. "ह्या पानाची प्रत समितीपुढे ठेवावी लागेल. तीन दशांश का वाढवले ह्याचा दुसरा पुरावा कुठेच नाही. संपूर्ण पान ठेवू. मुलीच्या लग्नासकट."

मग त्यांनी शंकाताईकडे मान हलवली. तिने पिशवीतून कागद काढले आणि माझ्या हातात दिले. गणित पूर्ण केलेलं. नकाशावरचे सहा पूर्णांक तीन. त्यावर कारखान्यातल्या भुकटीवाल्या बाईंचे पंधरा शतांश. 'खालून नापास होण्यापेक्षा वरच्या काठाने पास झालेलं बरं' असं बाईंनी मोकळेपणाने सांगितलं, आणि ते त्यांच्या नोंदवहीत तारखेनिशी लिहिलेलंही होतं. दोन्ही धरून नवी रेघ काढलेली, आणि एकूण एक ठिपका त्या रेघेवर. ठिपके कधी वर वळणार, चार वर्षांतले किती दिवस कमी होणार, सगळं मांडलेलं. मी दोन वर्षं बसून केलं असतं तरी ह्याहून नेटकं झालं नसतं. शेवटी तिची सही, आणि तारीख.

तारीख तीन सप्टेंबर.

मी ती तारीख दोनदा वाचली. उपाहारगृहात मी तिला झापलं ते चार तारखेला. म्हणजे मी ताटावरून उठून 'तुझ्या वयात आम्ही' म्हणत होतो तेव्हा हे कागद तिच्या मांडीवरच्या पिशवीत होते. तिने पिशवी उघडली असती तर मी तिथल्या तिथे संपलो असतो, सगळ्यांसमोर. तिने उघडली नाही.

"अगं, मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलणार होते, सर. साहेबांना तीन तारखेलाच दिलं. त्यांनी त्याच दिवशी ताकद कमी केली आणि गणित बाहेरच्या तपासनिसांकडे पाठवलं. त्यांना बारा दिवस लागणार होते. साहेबांना मी विचारलं, तोपर्यंत सरांचं काय? तर ते म्हणाले…" ती थांबली आणि पहिल्यांदाच जरा हसली. "बघू म्हणाले."

साहेब खिडकीकडे वळले होते. "पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला दुसऱ्याने पकडावं, असं आम्हाला नको होतं," ते छपराकडे बघत म्हणाले. "उद्यापर्यंत थांबणार होतो. त्यापुढे नाही."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. वर्षभर माझी सही बंद. गणितावर सही शंकाताईची, आणि माझं काम तिने तपासायचं. मी हो म्हटलं.

१५ सप्टेंबर

बारा दिवस ती पोरगी उपाहारगृहात चूक केलेल्या माणसासारखी एकटी बसली. लोक तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसत होते, आणि कोणी काही विचारलं तर ती 'अजून कळलं नाही' म्हणत होती. हे सगळं मला आज भुकटीवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं; शंकाताई त्यांच्याशी रोज बोलत होती म्हणे. बाईंनी मला बरंच ऐकवलं. ऐकून घेतलं.

म्हणून दुपारी जेवायच्या वेळी गेलो. तीच जागा, तेच टेबल. ती वरण कालवत होती. मी समोर उभा राहिलो. अशा गोष्टींचा मला सराव नाही. घसा खाकरला आणि म्हटलं, "चार तारखेला मी तुला बोललो ते सगळं चूक होतं. आकडा माझा चुकला होता. तुझा नाही. मला माफ कर."

तिने घास खाली ठेवला. "सर, ऐकू नाही आलं."

"अगं, माफ कर म्हटलं."

"मला आलं हो, सर." तिने मान मागे, खोलीच्या टोकाकडे वळवली. "त्या दिवशी शेवटच्या टेबलापर्यंत गेलं होतं."

तिच्या तोंडावर हसू होतं, पण डोळे भरले होते. आणि तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. जेवढ्या आवाजात दिलं तेवढ्याच आवाजात परत घ्यायला हवं. मी शेवटच्या टेबलाकडे तोंड केलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, आकड्यासकट, तारखेसकट, माझ्या नावासकट. खोलीतले चमचे थांबले.

शेवटच्या टेबलावरून दांड्या चालवणाऱ्या म्हाताऱ्याने हात वर केला आणि ओरडला, "पोचलं!"